सामायिक नोंदवहीचे लॉक : फाइल सर्व्हरांचे भिन्न वर्तन

कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षणाच्या नोंदी, बियाणे वाटपाची यादी किंवा दैनिक पर्जन्यमान अनेकदा एकाच सामायिक फाइलमध्ये ठेवले जाते. ती फाइल दोन संगणकांवर एकाच वेळी उघडली गेली, तर नंतर जतन होणारी प्रत आधीच्या नोंदी पुसून टाकू शकते. ही हानी बहुधा हंगाम संपल्यावर, आकडे जुळवताना उघड होते. ती टाळण्यासाठी फाइलला ‘लॉक’ लावले जाते. मात्र प्रत्येक सर्व्हरवरील लॉक सारखे वागत नाही.

विंडोजच्या एसएमबी पद्धतीत (लिनक्स सर्व्हरवर हीच सेवा साम्बा देते) फाइल उघडतानाच ‘इतरांना लिहू देऊ नये’ अशी अट प्रोग्रामला घालता येते आणि सर्व्हर ती सक्तीने पाळतो. म्हणूनच दुसऱ्या संगणकावर एक्सेलची तीच फाइल ‘केवळ वाचनासाठी’ उघडते.

सन कंपनीने 1984 मध्ये आणलेल्या एनएफएसचे लॉक लिनक्स व युनिक्सवर सामान्यतः सल्लावजा असते. बांधावर रोवलेल्या खुणेसारखे ते आहे. खूण पाहणारा थांबतो, न पाहणारा सरळ ओलांडून जातो. जो प्रोग्राम लॉकची चौकशीच करत नाही, त्याला काहीही अडवत नाही.

वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी आणखी एक फरक महत्त्वाचा ठरतो. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉकिंगसाठी स्वतंत्र सेवा लागते. लॉक घेतलेला संगणक अचानक बंद पडला, तर तो पुन्हा सुरू होऊन सर्व्हरला कळवेपर्यंत लॉक अडकून राहते. संगणक कायमचा निकामी झाला, तर ते हातानेच सोडवावे लागते. चौथ्या आवृत्तीत लॉक खंडाने दिलेल्या जमिनीप्रमाणे मुदतीचे असते. ही मुदत लिनक्स सर्व्हरवर सामान्यतः 90 सेकंदांची असून नूतनीकरण झाले नाही, तर सर्व्हर लॉक मोकळे करू शकतो. एसएमबीत जोडणी तुटल्याचे सर्व्हरला कळेपर्यंत जुने लॉक टिकू शकते.

सर्वाधिक फसवी मांडणी म्हणजे एकच फोल्डर दोन्ही पद्धतींनी खुले करणे. साम्बाने फाइल उघडताना स्वीकारलेली अट एनएफएसवरून येणाऱ्या संगणकाला बंधनकारक राहीलच, असे नाही. नोंदींच्या फोल्डरसाठी एकच पद्धत निवडणे श्रेयस्कर. एसक्यूएलाइटसारख्या डेटाबेसची फाइल तर अशा फोल्डरमध्ये ठेवूच नये. नेटवर्कवरील लॉकिंगच्या दोषांबाबत तिच्या निर्मात्यांनीच इशारा दिला आहे.

केंद्रातील व्यवस्था तपासण्यासाठी दोन संगणक पुरतात. पहिल्यावर फाइल उघडून एक नोंद बदलावी व ती उघडीच ठेवून दुसऱ्यावरून लिहिण्याचा प्रयत्न करावा. नंतर पहिल्याची नेटवर्क तार काढून दुसऱ्याला किती वेळाने लिहिता येते, ते घड्याळ लावून पाहावे. प्रयोगासाठी मूळ नोंदवही नव्हे, तिची प्रत वापरावी.