काचेच्या पेटीतील तळे

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे जसे साग-बांबूच्या वनांचे, तसेच तलावांचेही आहेत. भातशेतीला पाणी मिळावे म्हणून मालगुजारांच्या काळात येथे गावोगावी तलाव बांधले गेले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप केले. या तलावांवर ढीवर समाजाचे लोक पिढ्यान्पिढ्या मासेमारी करीत आले आहेत.

अशा तलावात मासा वर्षानुवर्षे सुखाने जगतो. परंतु बाजारातून हौसेने आणलेला सोनमासा काचेच्या पेटीत पंधरा दिवसही टिकत नाही, असा अनुभव पुष्कळ घरी येतो. पाणी आरशासारखे स्वच्छ, अन्नही भरपूर. मग मासा मेला कशाने?

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात तो आपली मलद्रव्येही सोडीत असतो. त्यांपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशाला विषासारखा बाधतो. तलावात तो साचून राहत नाही, कारण तेथील गाळावर, दगडांवर व पाणवनस्पतींवर असंख्य सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात. तेही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचे असले तर माशांना फारसे बाधत नाही आणि वनस्पतींना तर ते खतच होय. नव्या पेटीत हे अदृश्य सेवक जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मासे पाळू इच्छिणाऱ्याला आधी पाणी पाळावे लागते, ते असे.

म्हणून नवशिक्याने पेटीत धुतलेली वाळू, हायड्रिलासारखी पाणवनस्पती व पाणी भरावे, पाणी गाळणारे यंत्र सुरू करावे आणि माशांच्या अन्नाची चिमूट रोज टाकीत राहावे. मासे मात्र आणू नयेत. हा रिकाम्या पेटीचा महिना मुलांना फार जड जातो, यात नवल नाही! कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू मिळाली तर जिवाणू लवकर वाढतात. तलावातील चिखल आणू नये. त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि लहान माशांना त्या सहज खातात.

६० सेंटिमीटर लांब व प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. सुरुवातीला एवढी पेटी बरी. दुकानात मांडलेले गोल काचपात्र दिसते मोठे शोभिवंत. परंतु सोनमासा वीतभर वाढू शकतो, त्याला ते तुरुंगासारखेच. गप्पीसारखे छोटे मासे या पेटीला योग्य. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे.

या भागातील खरी परीक्षा मे महिन्यात होते. तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ते भूक लागल्याचे चिन्ह समजून अन्न टाकणे घातक. कुजणारे अन्न उरलासुरला प्राणवायूही संपविते. पेटी घरातील थंड कोपऱ्यात ठेवावी आणि भोवती ओले फडके गुंडाळावे. वीज गेल्यास पेल्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत ओतीत राहावे.

अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलणे हे स्वच्छतेचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण होय. काढलेले पाणी तुळशीला घालावे.

हौस फिटली म्हणून पेटीतले मासे किंवा वनस्पती गावच्या तलावात सोडणे मात्र सर्वथा अयोग्य. ते दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. परदेशी जीव स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतात. जांभळ्या फुलांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून या देशात शोभेची वनस्पती म्हणूनच आली. पुढे तिने चंद्रपूर शहरातील गोंडकालीन रामाळा तलावाचे पाणीही झाकून टाकले.