खारीला खाऊ कोणता?

चांदूर बाजारच्या एखाद्या परसात कडुनिंबावरून खार खाली उतरली, की आपण कौतुकाने तिला फरसाण किंवा बिस्किटाचा तुकडा टाकतो. ती खातेही! पण खाल्ले म्हणजे मानवले, असे नव्हे. खारट, गोड, तळलेले पदार्थ तिचे अन्न नव्हेत.

मग शेंगदाणे? दाण्यांत कॅल्शियम थोडे आणि फॉस्फरस त्याच्या सुमारे चौपट. नुसत्या दाण्यांवर राहिलेल्या खारीची हाडे दुबळी होतात. तेव्हा दोनचारच शेंगा द्या. त्याही बिनमिठाच्या आणि टरफलासकट. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते कुरतडण्याने झिजतात. जोडीला पेरूची फोड किंवा बोर ठेवा. कळ्या, बिया, किडे ती स्वतःच शोधते.

बुरसलेल्या शेंगा मुळीच नकोत. आपल्याला नकोशा झालेल्या शेंगाच आपण खारीला टाकतो, ही मोठी चूक! १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष होते. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृत बिघडवते आणि शेंगा भाजल्या तरी पुरते नष्ट होत नाही.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा सावलीत ठेवलेले पाण्याचे परळ अधिक उपयोगी. ते रोज घासून भरा.