घोरणं आणि झोप न लागणं : दुखणी दोन, उपचारही दोन



पावसाळ्याआधी चाकणजवळच्या एका गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, “मॅडम, रात्री दोनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. मेडिकलमधून झोपेची गोळी आणू का?” त्यांची जाऊ हसली, “झोप नाही कसली? घोरून घर डोक्यावर घेते!”

दोघींचंही खरं होतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट त्यामुळे बंद होते, कधी १० सेकंद, कधी जास्त. मेंदू घाबरून जागं करतो. तासाला पाच किंवा जास्त वेळा असं घडलं, तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रोज झोपमोड झाली की मनाला अंथरुणाचीच धास्ती बसते आणि निद्रानाश जडतो. पाळी गेल्यावर बायकांना ॲप्नियाचा धोका वाढतो. सकाळी डोकं दुखणं, सतत थकवा, चिडचिड ही लक्षणं आपण “कामाचा शीण” म्हणून सोडून देतो.

म्हणून मनाने गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी श्वास आणखी अडू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. पिंपरीच्या वायसीएम किंवा पुण्याच्या ससूनमध्ये कान-नाक-घसा विभागात जा आणि स्लीप स्टडीबद्दल विचारा. गरज असेल तर डॉक्टर सीपॅप मशीन सांगतात. ते हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं.

निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची थेरपी आहे. त्यात समुपदेशक झोपेच्या सवयी बदलायला शिकवतात. काही गोष्टी घरीही करता येतात :

१. रोज ठरावीक वेळी उठा, झोप झाली असो वा नसो.
२. झोप आली तरच अंथरुणावर जा.
३. बराच वेळ झोप लागली नाही तर उठून शांत बसा. मोबाईल नको, घड्याळही बघू नका.
४. दुपारनंतर चहा बंद.

थेरपीत कधी झोपेचे तास मुद्दाम कमी करतात. ॲप्निया असेल, मशीनवर काम असेल किंवा गाडी चालवत असाल, तर ते स्वतःहून करू नका. कंपनीत तिसरी पाळी असेल तर दिवसा खोलीत अंधार करून ठरावीक वेळी झोपा.

आता व्यायाम. “दिवसभर राबतोच की!” असं तुम्ही म्हणाल. पण आठवड्यातले पाच दिवस, ३० मिनिटं सलग, थोडा दम लागेल असं चाला. वजन फारसं उतरलं नाही तरी व्यायामाने श्वास अडणं कमी होतं, असं अभ्यासांत दिसलंय. मात्र चालायला लागलात म्हणून मशीन बंद करू नका.

त्या ताईंना ॲप्निया निघाला. मशीन तोंडावर लावायची त्यांना भीती वाटत होती. ऑस्ट्रेलियातल्या २०१९ च्या एका अभ्यासात, आधी झोपेची थेरपी घेतलेल्यांनी मशीन जास्त वेळ वापरलं. ताईंनीही तसंच सुरू केलंय. अजून पूर्ण रात्र जमत नाही, पण गोळीचा विषय संपला.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा : घोरता का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? दिवसा पेंग येते का? बीपी आहे का? दोन उत्तरं “हो” आली, तर त्या ताईला एकटी पाठवू नका. गटातल्या एकीने सोबत जा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक