बंपर : शोभा कीं रक्षण ?



रस्त्यानें एखादी जुनी अमेरिकन मोटार गेली, म्हणजे प्रथम दृष्टि खिळते ती तिच्या चकचकीत बंपरवर. या गाड्या आपल्या प्रांतास परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सनें मुंबईंत १९२८ सालीं शेव्हरोले गाड्यांची जुळणी आरंभिली, ती १९५४ पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्या सिद्ध केल्या. आज अशा गाडीचा मूळ बंपर मिळणें कठीण. म्हणून दुसऱ्या गाडीचा बसविण्याचा मोह होतो.

नागपुरांतील एका कारखान्यांत आम्हीं असाच प्रसंग पाहिला. आणलेल्या बंपरचीं भोकें गाडीच्या पट्ट्यांशीं जुळेनात. कारागिरानें पट्टी भट्टींत लाल करून वांकविली व हळूहळू थंड होऊं दिली. बंपर सुरेख बसला, मालक संतुष्ट झाले. पुढें गाडी मागें घेतांना फाटकास हलकासा धक्का लागला मात्र, पट्टी मुडपली ती मुडपलीच, व बंपरानें मडगार्ड चेपलें.

असें कां व्हावें ? लोहार विळ्यास पाणी देतो, हें तुम्हीं पाहिलें असेल. बंपर चासीस जोडणाऱ्या पट्ट्याहि पुष्कळ गाड्यांत असें पाणी दिलेल्या लवचीक पोलादाच्या असतात. धक्का बसतां त्या लवतात व पुनः पूर्ववत् होतात. लाल करून सावकाश थंड केल्यास तें पाणी उतरतें. आकार राहतो, गुण जातो.

तेव्हां प्रथम मोजावें, मग विकत घ्यावें. भोकांमधील अंतर, बंपरची लांबी, त्याचा बाक व जमिनीपासूनची उंची हीं चार मापें जुळलीं पाहिजेत. थोडा फरक असल्यास मूळ पट्टी न तापवितां तिच्या जागीं योग्य मापाची नवी करवून घ्यावी. बसवितांना गाडी सपाट जागीं उभी करावी. बंपर दोघांनीं धरावा. सर्व बोल्ट प्रथम हातानेंच सैल लावावे. दोन्ही बाजूंची उंची व मडगार्डापासूनची फट सारखी झाल्यावरच पाना चालवावा. एक बाजू आधींच घट्ट केली, तर दुसरी ओढून बसवावी लागते, व तो ताण पुढें बोल्टास सोसावा लागतो.

अधिक भक्कम दिसावा म्हणून पुढें लोखंडी गार्ड जोडण्याची चालहि आहे. ती टाळावी. असा गार्ड लवत नाहीं. धक्का सरळ चासीवर जातो, आणि पादचारी समोर आल्यास त्याच्या हाडांवर. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें राज्यांस पत्र लिहून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाकडे बोट दाखविलें व असे गार्ड काढविण्यास सांगितलें.

चकाकीचा मुलामा कागदाहूनहि पातळ असतो. खरें काम त्याच्या मागें, कोणाच्या दृष्टीस न पडणारी पट्टी करीत असते. मित्रहो, गाडी पारखतांना वांकून तीच आधीं पाहावी.