दूरस्थ यंत्रावरील भाराचे नियमन

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ मध्ये इंग्लंडहून आणलेले एचईसी-२एम हे गणकयंत्र बसविण्यात आले. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती आणि तीत अवघे १०२४ शब्द मावत. ते एका वेळी एकच काम करी. म्हणून भाराचा प्रश्न उद्भवे तो यंत्राबाहेर, कोणाचे काम आधी घ्यावयाचे या रूपाने. १९६१ मध्ये अमेरिकेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत बारीक तुकड्यांनी वाटून दाखविला, तेव्हापासून ही रांग यंत्राच्या आत शिरली. ती डोळ्यांना दिसेनाशी झाली, एवढाच काय तो फरक.

आज त्याच शहरातील काही मुले संध्याकाळी माइनक्राफ्ट हा खेळ एकत्र खेळतात असे समजू. खेळाचे जग ज्या यंत्रावर चालते तो सर्व्हर मुंबईत आहे आणि त्याची व्यवस्था पाहणारा तरुण कोलकात्यात बसून ती करतो. एके दिवशी तक्रार येते : फोडलेला दगड पुन्हा जागेवर दिसतो, मारलेला घाव लागत नाही. दोष कोणाचा?

येथे दोन विलंब वेगळे करावयास हवेत. पहिला वाटेचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोलकाता-मुंबई हे सरळ अंतर सुमारे १६५० किलोमीटर धरले, तरी संदेश जाऊन उत्तर परत येण्यास सोळा-सतरा सहस्रांश सेकंद लागणारच; प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नसल्याने अधिकच. व्यवस्थापक कितीही निष्णात असो, हा विलंब त्याच्या हाती नाही. दुसरा विलंब यंत्राचा, आणि तो मात्र त्याच्या हाती आहे.

सर्व्हर खेळाचे जग सेकंदाला वीस वेळा नव्याने गणतो. म्हणजे प्रत्येक फेरीस ५० सहस्रांश सेकंद मिळतात. हे गणित ३० मध्ये आटोपले तर उरलेला वेळ प्रोसेसर स्वस्थ असतो. ७० लागले तर मात्र साऱ्या जगाची गती मंदावते. आणि ती सर्वांसाठीच मंदावते. एकाने हजार कोंबड्या एका कोंडवाड्यात पाळल्या की त्याचे मूल्य शेजाऱ्याला मोजावे लागते. व्यवस्थापकाने लक्ष घालावे ते या अन्यायात. मुलांचा संताप अगदीच अवाजवी नसतो.

नवशिक्याची फसगत बहुधा पुढील ठिकाणी होते. तो दुरून यंत्रात प्रवेश करतो, प्रोसेसरचा एकूण वापर पाहतो आणि तो २० टक्केही नाही असे पाहून निश्चिंत होतो. परंतु यंत्रात आठ गाभे असतील आणि खेळाची मुख्य फेरी प्रामुख्याने एकाच गाभ्यावर चालत असेल, तर तो एक गाभा पूर्ण थकला तरी एकूण आकडा साडेबारा टक्क्यांच्या आसपासच दिसणार. म्हणून प्रत्येक गाभा स्वतंत्रपणे पाहावा. लिनक्समध्ये दिसणारी भाराची सरासरी (एक, पाच व पंधरा मिनिटांची) हीदेखील टक्केवारी नव्हे. चालू असलेल्या व खोळंबलेल्या कामांची ती संख्या होय, आणि तीत तबकडीची वाट पाहणारी कामेही मोजली जातात. यंत्र भाड्याचे व अनेकांत वाटलेले असेल, तर आपला वेळ शेजारी पळवीत नाही ना, हेही तपासावे. तो आकडा यंत्र वेगळा दाखविते.

उपाय करताना मोठ्या खर्चापासून आरंभ करावा. खेळाडूभोवती दहा खंड दूरवर जग मांडावयाचे तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ खंड सांभाळावे लागतात; मर्यादा सहा केली की १६९. दृष्टी थोडी आखूड होते, भार निम्म्याहून कमी. कोलकात्याच्या वाचकास ही युक्ती नवी वाटू नये. १९७०च्या दशकात ‘लोडशेडिंग’ हा शब्द तेथे घराघरात पोहोचला होता, आणि सारे बंद पडण्यापेक्षा थोडे बंद ठेवणे हेच त्यामागील तत्त्व होते. दुय्यम कामांना ‘नाइस’ या आज्ञेने खालचा क्रम द्यावा : उणे २० पासून १९ पर्यंतच्या या श्रेणीत अंक जितका मोठा, तितके काम मागे.

दूर बसलेल्याने आणखी एक जपावे. ज्या वाटेने तो यंत्रात शिरतो ती वाटही त्याच प्रोसेसरवर अवलंबून असते. खेळाने सारे गाभे व्यापले, तर दुरुस्तीसाठी आत येणाऱ्यालाच दार उघडत नाही. यास्तव एक गाभा खेळापासून राखून ठेवावा.

शेवटी वेळापत्रक. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ दाखविते व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. ‘दुपारी अडीच’ म्हणून नेमलेली जगाची प्रत काढण्याची क्रिया कोलकात्यात रात्री आठला, ऐन गर्दीत, सुरू होते. पूजेच्या सुट्टीत तर विचारावयास नको. ती पहाटे चारला हवी असेल, तर घड्याळात आदल्या दिवसाचे २२.३० लिहावे.