चित्राची फाइल उघडत नाहीं तेव्हां

विद्यार्थ्यांस आतां छायाचित्राशीं वारंवार काम पडतें. शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या अर्जास ठराविक मापाचें छायाचित्र जोडावें लागतें. प्रकल्पवहींत नळदुर्गच्या किल्ल्याचें अथवा तेरच्या वस्तुसंग्रहालयाचें चित्र घालावयाचें असतें. घरांतील एखादें जुनें, कडा फाटलेलें छायाचित्र स्कॅन करून नीट करावें अशी आजीची इच्छा असते. हीं कामें फोटोशॉप, गिम्प ह्यांसारख्या चित्रसंपादनाच्या प्रोग्रामांनीं होतात. फोटोशॉपची पहिली आवृत्ति १९९० सालीं निघाली. गिम्प हा प्रोग्राम १९९५ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनीं तयार करावयास घेतला. तो आजहि कोणासहि विनामूल्य मिळतो. परंतु साधन कितीहि चांगलें असलें तरी एखादे दिवशीं तें अडून बसतें. चित्र उघडत नाहीं, किंवा नवें चित्र तयारच होत नाहीं, किंवा केलेलें काम साठविलें जात नाहीं.

अशा वेळीं बहुतेक जण काय करतात? तेंच बटन दहा वेळां दाबतात, प्रोग्राम काढून पुन्हां घालतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे संगणक 'फॉरमॅट' करावयास दुकानांत नेतात. दोष असतो एका अर्धवट उतरलेल्या फाइलींत, आणि पुसली जाते सारी डिस्क! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तें हेंच. म्हणून उपाय करण्यापूर्वीं दोषाचें ठिकाण कसें शोधावें, ह्याची क्रमवार रीति ह्या पाठांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रारंभीं दोन नियम. पहिला नियम हा कीं, मूळ फाइलीस हात लावूं नये. तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरांत करून घ्यावी व सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावे. अर्जाचें छायाचित्र पुन्हां काढतां येतें. पणजोबांचें एकुलतें एक छायाचित्र पुन्हां काढतां येत नाहीं. दुसरा नियम असा कीं, पडद्यावर उमटलेली सूचना न वाचतां बंद करूं नये; ती शब्दशः वहींत उतरून घ्यावी. 'फाइलीचा प्रकार ओळखतां येत नाहीं', 'जागा संपली', 'परवानगी नाहीं' ह्या तीन अर्थांच्या सूचना तीन निरनिराळ्या ठिकाणांकडे बोट दाखवितात.

आतां मुख्य परीक्षा. समजा, एका विद्यार्थिनीनें नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवरील पाणीमहालाचें छायाचित्र मोबाईलवर घेतलें आणि तें संगणकावर उघडत नाहीं. तिनें दोन प्रश्न विचारावे. तेंच चित्र दुसऱ्या प्रोग्रामांत उघडतें काय? आणि त्याच प्रोग्रामांत दुसरें, काल उघडलेलें चित्र आज उघडतें काय? चित्र कोठेंच उघडत नाहीं, पण इतर चित्रें उघडतात, तर दोष फाइलींत आहे. तें चित्र इतरत्र उघडतें व ह्या प्रोग्रामांत इतर चित्रेंहि उघडतात, तर त्या प्रकारची फाइल ह्या प्रोग्रामास वाचतां येत नाहीं. ह्या प्रोग्रामांत एकहि चित्र उघडत नाहीं, परंतु इतरत्र सर्व उघडतात, तर दोष प्रोग्रामांत आहे. सर्व कांहीं उघडतें, पण साठवितां येत नाहीं, तर दोष बहुधा जागेंत, नांवांत किंवा परवानगींत असतो. दोन मिनिटांच्या ह्या परीक्षेनें अर्धें काम होतें.

फाइलींतील दोषाचा प्रथम विचार करूं. नांवाच्या शेवटीं टिंबानंतर येणारीं अक्षरें, म्हणजे जेपीजी, पीएनजी इत्यादि, हीं फाइलीचा प्रकार सांगतात. पण तीं केवळ पाटी होत. खरा प्रकार फाइलीच्या आरंभींच्या बाइटांत लिहिलेला असतो. जेपीजी फाइलीचे पहिले दोन बाइट २५५ व २१६ असतात. पीएनजी फाइलीचा पहिला बाइट १३७ असून पुढील तीन बाइट पी, एन, जी ह्या अक्षरांचे असतात. कित्येक विद्यार्थी अर्जास जेपीजी हवी म्हणून पीएनजी फाइलीचें नुसतें नांव बदलतात. २०२३ सालीं आपल्या जिल्ह्याचें नांव उस्मानाबादऐवजीं धाराशिव झालें, म्हणून बोरी नदीचें पात्र बदललें नाहीं. तसेंच फाइलीचें आहे. प्रकार खरोखर बदलावयाचा असल्यास चित्र एखाद्या प्रोग्रामांत उघडून नव्या प्रकारांत साठविलें पाहिजे. विंडोजमध्यें हीं शेवटचीं अक्षरें सहसा लपविलेलीं असतात. फोल्डराच्या 'व्ह्यू' यादींतून तीं दिसतीं करावींत.

२०१७ सालापासून आयफोन छायाचित्रें एचईआयसी ह्या प्रकारांत साठवूं लागले. त्यामुळें फाइल थोड्या जागेंत मावते, परंतु जुन्या प्रोग्रामांना ती वाचतां येत नाहीं. अशा वेळीं फाइल निर्दोष असते. तिचें जेपीजींत रूपांतर करावें, अथवा फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडावा.

फाइल अर्धवट उतरली असेल, तर चित्राचा वरचा भाग दिसतो व खालीं राखाडी पट्टा येतो. कधीं फाइलीचें माप शून्यच असतें. पेन ड्राइव्ह घाईनें उपसला म्हणजे असें घडतें. मूळ ठिकाणाहून पुन्हां प्रत घ्यावी. मूळ कार्डच बिघडलें असेल, तर त्यावर नवीन कांहींहि लिहूं नये. कारण पुसलेलीं चित्रें जाणकारास परत मिळवितां येतात तीं त्यांच्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंतच.

आतां प्रोग्रामाकडे वळूं. तो पूर्ण बंद करून, संगणक एकदां पुन्हां चालू करून पाहावा. तरीहि अडला, तर त्याच्या सेटिंग्ज बिघडल्या असण्याचा संभव आहे. फोटोशॉप सुरू होतांना कंट्रोल, ऑल्ट व शिफ्ट हीं तीन बटनें एकत्र दाबून धरल्यास तो जुन्या सेटिंग्ज काढून टाकण्याविषयीं विचारतो. गिम्पमध्यें 'प्रेफरन्सेस'मधून त्या पूर्ववत् करतां येतात. प्रोग्राम काढून पुन्हां घालणें हा शेवटचा उपाय होय.

नवें चित्र तयारच होत नसेल, तर माप तपासावें. ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो. इंचास ३०० बिंदु धरले, तर त्याचें चित्र २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचें होतें. परंतु एककाच्या जागीं मिलिमीटरऐवजीं इंच राहिले, तर तेंच चित्र ६३,००० गुणिले ८९,१०० बिंदूंचें, म्हणजे ५६१ कोटींहून अधिक बिंदूंचें होतें. दर बिंदूस तीन बाइट धरले, तरी त्यास जवळजवळ १७ जीबी स्मृति लागेल. आणि घरच्या संगणकांत बहुधा ४ किंवा ८ जीबी असते. येथें दोष संगणकाचा नाहीं, एककाचा आहे. भौतिकशास्त्राच्या तासास एकक लिहिण्याचा आग्रह धरतात तो व्यर्थ नव्हे!

चित्र आटोपशीर असूनहि काम अडलें, तर डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. ६००० गुणिले ४००० बिंदूंचें छायाचित्र डिस्कवर थोडक्या एमबींत मावतें, पण उघडल्यावर सुमारें ७२ एमबी व्यापतें. प्रत्येक पूर्ण थराची आणखी तितकीच भर पडते. स्मृति पुरली नाहीं म्हणजे प्रोग्राम डिस्कचा उपयोग करतात. 'स्क्रॅच डिस्क भरली' ह्या सूचनेचा अर्थ एवढाच कीं, ती जागा संपली. अनावश्यक व्हिडिओ दुसरीकडे हलवावे.

साठवितांना नांवाकडेहि लक्ष द्यावें. विंडोजमध्यें फाइलीच्या नांवांत तिरपी रेघ, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह इत्यादि नऊ चिन्हें चालत नाहींत. म्हणून १५/८ अशी तारीख न घालतां १५-८ अशी घालावी. २०१७ सालापासून विंडोजमध्यें 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नांवाचा पहारा आहे. तो चालू असल्यास अनोळखी प्रोग्रामांस 'पिक्चर्स'सारख्या फोल्डरांत लिहितां येत नाहीं. पहारा बंद करूं नये. त्या प्रोग्रामापुरती परवानगी द्यावी. गिम्पमध्यें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०१२ सालच्या २.८ ह्या आवृत्तीपासून 'सेव्ह' म्हटल्यास तो आपल्या एक्ससीएफ प्रकारांतच साठवितो. जेपीजी हवी असल्यास 'एक्स्पोर्ट' म्हणावें लागतें. अनेकांस हा बिघाड वाटतो; पण ती त्या प्रोग्रामाची रीतच आहे.

हे सर्व उपाय एकामागून एक करावे, एकदम करूं नयेत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा व वहींत टिपून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र उघडलें, तर कशानें उघडलें तें कळत नाहीं, आणि पुढील खेपेस आपण पुन्हां अज्ञानींच राहतों. प्रयोगशाळेंत जी शिस्त पाळावयाची तीच येथें.

शेवटीं पालकांस एक विनंति. संगणक अडला म्हणजे मुलानें कांहीं तरी मोडलें असें लगेच समजूं नये; वरील दोन प्रश्न त्याच्याजवळ बसून विचारावे. संगणक दुकानांत नेणें प्राप्तच झालें, तर आधीं घरांतील छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर करवून घ्यावी. आणि अर्जाचें छायाचित्र शेवटच्या तारखेच्या निदान आठ दिवस आधीं तयार ठेवावें. म्हणजे फाइल अडली तरी मुलाची शिष्यवृत्ति अडणार नाहीं.