बालवर्गांत मुलें काय शिकतात?

यंदाच्या जून महिन्यांत पालकांची पहिली सभा आटोपून आम्ही बाहेर पडत होतों, तोंच बालवर्गाच्या दाराशीं एका गृहस्थांनीं आम्हांस गांठलें. गृहस्थ करवीर तालुक्यांतील शेतकरी. चार वर्षांचा मुलगा त्यांचें बोट धरून उभा होता. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं रोज मातीत खेळतंय, चिंचुकं मोजतंय, गाणी म्हणतंय. समदं बेस हाय. पन लिवणार कवा? आमच्या शेजारचं पोरगं शंभरापतुर आकडं लिवतंय." प्रश्न रास्त होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नव्हता; मागें उभ्या असलेल्या दोन-तीन मातांनींही माना डोलाविल्या. त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर घाईचें व अपुरें होतें. सबब तेंच येथें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

वाचकांस हें सांगणें अवश्य आहे कीं, आम्ही मूळचे वरच्या वर्गांवरील गणिताचे शिक्षक. गतवर्षीं बालवर्गाच्या बाई दोन महिने रजेवर होत्या, तेव्हां त्यांचा वर्ग आमच्याकडे सोंपविण्यांत आला. वीस वर्षें खडूची धूळ खाल्लेल्या माणसास पंचवीस चिमुकलीं मुलें सांभाळणें तें काय अवघड, अशा घमेंडींत आम्हीं आंत पाऊल टाकलें. पहिल्या पांच मिनिटांत एका मुलीनें विचारलें, "सर, तुम्हाला गाणं येत नाही व्हय?" खरोखरच येत नव्हतें. त्या दोन महिन्यांत शिकण्याचें काम मुख्यतः आमचेंच झालें.

बालवर्गाच्या दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें होतो. मुलें सतरंजीवर गोल करून बसतात. त्यांत ख्रिस्ती मुलें आहेत, तशींच हिंदु, मुसलमान व जैन घरांतलींही आहेत. नेहमींची प्रार्थना झाल्यावर दररोज दोघां-तिघांस उभें करून "आज देवाचे आभार कशासाठीं मानूं या?" असें विचारण्याचा बाईंचा परिपाठ आहे. कोणी पावसाचें नांव घेतो, कोणी नव्या चपलांचें. एकानें घरची म्हैस व्याली म्हणून आभार मानले, व दुसऱ्या दिवशीं वर्गास खरवस आणला. मोठ्या माणसास हा केवळ भक्तीचा प्रकार वाटेल. परंतु चार वर्षांच्या मुलानें पंचवीस जणांसमोर उभें राहावें, मनांतली एक गोष्ट निवडावी आणि ती पुऱ्या वाक्यांत सांगावी, ही भाषेच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे. आमच्या नववीच्या वर्गांत निबंधाचा विषय दिला कीं "सर, मुद्दे द्या" अशी मागणी होते, त्या अर्थीं ही पायरी पुष्कळांची निसटलेली दिसते. (ते विद्यार्थी हा लेख वाचतील, हें जाणूनच लिहीत आहों.)

हजेरीची तऱ्हाही निराळी. दाराशेजारीं एका तक्त्यावर प्रत्येकाच्या नांवाची पट्टी टांगलेली असते. पट्टीवर आंबा, कावळा, छत्री असें कांहीं चित्र, व त्याखालीं नांव. मूल येतें, आपली पट्टी शोधतें व दुसऱ्या तक्त्यावर लावतें. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई चित्रावर कागद चिकटवून टाकतात. तरीही बहुतेक मुलें आपली पट्टी बरोबर उचलतात, आणि कित्येक तर शेजाऱ्याचीही. अमुक अक्षर 'र' आणि अमुक 'स', असें त्यांस कोणीं अद्याप सांगितलेलें नसतें. तरी वाचन सुरू झालेलें असतें.

आतां मातीकडे वळूं, कारण मूळ तक्रार तिचीच आहे. कुंभाराकडून आणलेली माती मुलें मळतात, थापटतात, तळहातांवर तिची वळी वळतात, चिमटीनें तींत काड्या खोंवतात. बेंदराच्या आठवड्यांत सारा वर्ग मातीच्या बैलांनीं भरून जातो. एखाद्या बैलास पांच पायही असतात. हें काम लिहिण्याच्या आधींचें आहे, लिहिण्याच्या ऐवजीं नव्हे. मनुष्याच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं मऊ कूर्चेचीं असून पुढें एकामागून एक त्यांचें हाड बनत जातें. चौथ्या-पांचव्या वर्षीं त्यांपैकीं कांहींचें हाड होणें बाकी असतें; शेवटच्याचें तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास होतें. बोटांचे बारीक स्नायूही तसेच हळूहळू ताब्यांत येतात. अशा हातांत पेन्सिल देऊन चार ओळी भरून आणावयास सांगितलें, तर मूल ती मुठींत आवळतें, सगळा खांदा हलवून अक्षर ओढतें, आणि थोड्याच वेळांत वहीचा कंटाळा करूं लागतें. अंगठा व त्याजवळचीं दोन बोटें यांच्या चिमटींत जें मूल आज चिंचोका उचलतें, तेंच उद्यां त्याच तीन बोटांत पेन्सिल धरणार आहे.

चिंचोक्यांची गोष्ट मात्र आम्हां गणिताच्या शिक्षकास फार लागली. वर्गांत एक मुलगा शंभरापर्यंत अंक घडघडा म्हणे, व तसे लिहूनही दाखवी. त्याच्यापुढें आम्हीं सात-सात चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. "दोन्हींत सारखे आहेत का?" "सारखे." मग त्याच्या देखत खालच्या ओळींतील चिंचोके आम्हीं जरा लांब लांब सरकविले. "आतां?" "खालच्यात जास्त." "मोजून पाहा." त्यानें बोट ठेवून दोन्ही ओळी मोजल्या, सात आणि सात. "मग?" तो क्षणभर थांबला व म्हणाला, "तरी खालच्यात जास्त."

हा प्रयोग आमचा नव्हे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनीं मुलांच्या संख्याज्ञानाविषयींचा आपला ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत अशा प्रयोगांचें वर्णन आहे. वस्तू पसरल्या तरी त्यांची संख्या तीच राहते, ही समजूत सामान्यतः सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. तोंवर शंभर अंक लिहिणें ही हाताची संवय असते. 'सात' म्हणजे काय, हें त्या अंकांत नसतें. यास्तव बालवर्गांत पाढ्यांऐवजीं कामें सांगतात. "मुलें जितकीं बसलीं आहेत तितक्या वाट्या आण." मूल वाट्या आणतें, दोन कमी पडतात, पुन्हां जातें, या खेपेस तीन आणतें, एक उरते. ती उरलेली वाटी हातांत घेऊन तें जेव्हां विचार करीत उभें राहतें, तेव्हां आमच्या मतें त्या दिवसाचा गणिताचा तास पुरा झाला.

ही पद्धत कोणा एका शाळेची लहर नव्हे. तिचा प्रवर्तक फ्रीड्रिख फ्रोबेल हा १७८२ सालीं जर्मनींत एका पाळकाच्या घरीं जन्मला. त्याची आई तो वर्षाचा होण्यापूर्वींच वारली. १८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. मुलांच्या हातीं देण्यासाठीं त्यानें क्रमानें वस्तू योजिल्या. प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू. मग लांकडी गोल, घन व वृत्तचिति. त्यानंतर आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. दोरीला टांगून घन गरगर फिरविला कीं वृत्तचितीसारखा दिसतो, हें पाहून मुलें टाळ्या पिटतात. प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं, यांत धर्मविरोधी शिकवण असावी अशा संशयानें, किंडरगार्टनवर बंदी घातली. पाळकाच्या मुलावर हा आरोप! बंदी १८६० सालीं उठली. पण फ्रोबेल १८५२ सालींच वारला होता. योगायोग असा कीं, त्याच १८५२ सालीं अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे आमच्या कोल्हापुरास आले व त्यांनीं येथें शाळा काढल्या.

मराठी मुलखांत फ्रोबेलचा विचार आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अगोदर घ्यावें लागतें. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेथें त्यांनीं या पद्धतीचा अभ्यास केला, व १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन काढलें. पुढें सोलापुरास अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनीं बालोद्यान चालविलें. डॉ. मारिया माँटेसरी यांचें रोम येथील बालगृह १९०७ चें. गुजराथेंत गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें १९२० सालीं बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं काम आरंभिलें, तेव्हां परदेशी महाग साहित्य बाजूस सारून शिंपले, बिया, खडे यांवर शिकविलें. आमच्या वर्गांतील चिंचोके त्याच वाटेनें आलेले आहेत.

तथापि एक लांकडी वस्तू आम्ही आतां आठवीच्या वर्गांतही नेतों. डॉ. माँटेसरी यांच्या साहित्यांत रंगीत तुकड्यांचा एक घन आहे. त्याचे तुकडे आठ: एक मोठा घन, एक लहान घन, तीन जाड चौरस पाट व तीन लांबट ठोकळे. बालवर्गांतील मूल तो रंग पाहून उकलतें व पुन्हां जुळवितें, एवढेंच. परंतु 'अ अधिक ब' यांचा घन विस्तारून लिहितांना १, ३, ३, १ हे जे अंक आमचे विद्यार्थी वर्षानुवर्षें घोकतात, ते या डब्यांत उघड्यावर पडलेले आहेत. आम्हीं स्वतः हें सूत्र पाठ केलें त्या वेळीं असा डबा कोणीं हातीं दिला असता, तर एक पुरी उन्हाळ्याची सुट्टी वांचली असती.

मधल्या सुट्टींतील डबे, नळावरची रांग, हात धुणें, न सांडतां पाणी नेणें, पडलेलें शित उचलणें यांविषयीं लिहीत बसत नाहीं. तीं कामें पालक रोज घरीं पाहतात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, व ती आमच्या चुकीची आहे. वर्गांत एक मुलगा डावखुरा होता. दहा माणसांत एक तरी असा असतो, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्याच्या आजी एके दिवशीं येऊन म्हणाल्या, "सर, डाव्या हातानं अक्षर गिरवनं बरं न्हवं, तेवढं सुधारा," आणि आम्हीं तें मनावर घेतलें. तो खडू डाव्या हातांत घेई, आम्ही तो हळूच उजव्या हातांत देत असूं. रागावलों नाहीं, मारलें नाहीं. उलट प्रेमानेंच करीत आहों असें वाटे. पंधरा दिवसांत त्यानें चित्रें काढणें सोडलें. नंतर प्रार्थनेच्या वेळीं तो उभा राहीना. सतरंजीवर बसला म्हणजे दोन्ही हात मांड्यांखालीं दाबून बसे. आम्हीं तें पाहिलें, पण त्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं.

बाई रजेवरून आल्या, व तिसऱ्या दिवशीं त्यांच्या तें लक्षांत आलें. त्या आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं त्याच्यापुढें मातीचा गोळा ठेवला, कारण मातीला दोन्ही हात लागतात. आजींना त्यांनीं बोलावून घेतलें व शेजारीं बसवून सांगितलें, "आजी, जेवताना उजवा हात, ही तुमच्या घरची रीत, ती आपण ठेवू. पण लिहायला देवानं त्याला डावा दिलाय. तो मोडायला नको." आजींना तें एकदम पटलें नाहीं. तरी घरीं टोकणें कमी झालें. मुलगा पुन्हां प्रार्थनेस उभा राहिला तो जानेवारी महिन्यांत. काय म्हणाला तें ऐकावयास आम्ही वर्गांत नव्हतों.

हें सर्व त्या शेतकरी गृहस्थांस आम्हीं नंतर एका शनिवारीं सांगितलें. त्यांना दोन तास वर्गांत मागच्या बाजूस बसविलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें मिळून शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे व त्यांत खेळांतून शिकण्यावर भर दिला आहे, हेंही सांगितलें. पण त्यांचें लक्ष तिकडे नव्हतें. चिंचोक्यांच्या दोन ओळी स्वतः मांडून ते आपल्या मुलास विचारीत होते. मुलानें उत्तर दिल्यावर ते मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, "आमचंबी लहानपनी असंच असंल न्हवं?"

घरीं काय करावें, असें त्यांनीं विचारलें. शेंगा सोलावयास द्या. डाळींतले खडे वेंचूं द्या. जेवतांना माणसांइतकीं ताटें त्यालाच मांडावयास सांगा. भाकरीच्या पिठाचा गोळा हातीं द्या. निजतांना एक गोष्ट सांगा, व दुसऱ्या दिवशीं ती त्याच्याकडून ऐका. मोबाईल मात्र जेवणाच्या वेळीं तरी दूर ठेवा, कारण त्यावर बोट फिरविण्यास तीन बोटांची चिमूट लागत नाहीं.

त्यांचा मुलगा हा लेख लिहितेवेळीं अद्याप लिहीत नाहीं. स्वतःच्या नांवाची पट्टी ओळखतो, बुटाचे बंद बांधतो, वाट्या मोजून आणतो, आणि बेंदराला त्यानें केलेला बैल चार पायांवर उभा राहिला. तो लिहूं लागला म्हणजे त्याच्या वडिलांस आम्ही स्वतः कळविणार आहों.